अधांतरी शेजार

शेजार हा नशिबाचा भाग आहे असे आपल्याकडे मानतात. सोयरीक पाहून-सवरून करता येते, मित्र निवडता येतो. शेजारी मात्र मिळेल तसा पत्करावा लागतो. वर्षभर त्याच्याशी नळावरून, जिन्यातल्या केरावरून, गाडी लावायच्या जागेवरून शब्दाला शब्द वाढलेला असतो. तरीही दिवाळी आली की चकली-करंजीचे ताट रुमालाखाली झाकून त्याच्याच दारात जाते, आणि ते ताट रिकामे परत पाठवू नये हे घरातल्या लहान पोरालाही न सांगता कळते. याला आपण शेजारधर्म म्हणतो. धर्म हा शब्द मोठा आहे. तो इथे कितपत शोभतो, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावतो आहे. ज्याच्याशी भांडून परवडणार नाही त्याच्याशी गोड वागणे, याला शहाणपण म्हणता येईल, सोय म्हणता येईल. त्याला धर्म म्हणावे काय?

प्रश्न आपल्या आळीतला असला तरी तो आळीत बसून सुटत नाही. इथे भांडण झाले तर माणूस दार लावून घेऊ शकतो, फारच झाले तर बिऱ्हाड हलवू शकतो. म्हणून मी विचारासाठी असे एक घर घेतले आहे, की जिथून बिऱ्हाड हलवता येत नाही आणि दार उघडून बाहेर पडण्याची सोय नाही. हे घर जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरते आहे. दीड तासात त्याची एक प्रदक्षिणा पुरी होते, आणि घरातल्या माणसांना एका दिवसात सोळा वेळा सूर्य उगवताना दिसतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक असे त्याचे लांबलचक नाव. त्याचा पहिला भाग नोव्हेंबर १९९८ मध्ये वर गेला. २ नोव्हेंबर २००० रोजी बिल शेपर्ड हा अमेरिकन आणि युरी गिद्झेन्को व सेर्गेई क्रिकालेव्ह हे दोन रशियन तिथे राहायला गेले, आणि तेव्हापासून ते घर एक दिवसही ओस पडलेले नाही. एरवी तिथे सात माणसे राहतात. आजवर पंचवीसहून अधिक देशांतली माणसे तिथे जाऊन आली आहेत. यंदाच्या नव्हे तर २०२५ च्या उन्हाळ्यात आपले शुभांशू शुक्ला तिथे १८ दिवस राहून आले, हे वाचकांना आठवत असेलच.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो, कारण पुढे त्याची गरज लागेल. तिथे पृथ्वीचे आकर्षण पोचत नाही म्हणून माणसे तरंगतात, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्या उंचीवरही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या नव्वद टक्के शाबूत असते. ते घर एकसारखे खाली पडतच असते. पण पुढे जाण्याचा वेग इतका, की ते पडता पडता पृथ्वीच्या गोलाईला चुकवून पुढे निसटते. पाळण्याची दोरी तुटली तर आत बसलेल्याचे वजन जसे क्षणभर नाहीसे होते, तसे ते तिथे अखंड नाहीसे झालेले असते. म्हणजे तिथले रहिवासी सगळे मिळून एकाच विहिरीत पडताहेत, फक्त तिला तळ नाही. शेजाराच्या चर्चेला यापेक्षा चांगली जागा कुठून आणावी?

आता त्या घरातला संसार पाहू. निजायला टेलिफोनच्या पेटीएवढी खोली. तिच्या भिंतीला बांधलेल्या पिशवीत शिरून झोपायचे. वर-खाली असे काही नसल्यामुळे उताणे काय, पालथे काय, सगळे सारखेच. मात्र पंखा चालू हवा. आपल्याकडे उच्छ्वासाची गरम हवा आपसुक वर जाते. तिथे गरम हवा हलकी म्हणून वर चढणे हा प्रकारच नाही. पंखा थांबला, तर निजलेल्या माणसाने सोडलेला कर्बवायू त्याच्याच तोंडाभोवती साचून राहील. म्हणून रात्रंदिवस पंख्यांची घरघर चालू असते आणि तिच्यातच झोपावे लागते. आंघोळ नाही, कारण पाणी अंगावरून ओघळत नाही, चिकटून बसते. ओल्या टॉवेलने अंग पुसायचे. कपडे धुण्याची सोय नाही; वापरून मळले की सामान घेऊन आलेल्या यानात कचऱ्याबरोबर भरायचे, आणि ते यान परतताना वातावरणात जळून जाते. चालणे नसल्यामुळे तळपायाची घट्ट कातडी महिन्या-दोन महिन्यांत सुटू लागते, आणि पावलांच्या वरच्या बाजूला घट्टे पडतात, कारण कुठे स्थिर व्हायचे तर पाय दांडीखाली अडकवावा लागतो. मोजा काढताना जपून काढावा लागतो, नाहीतर त्या कातडीचे पापुद्रे साऱ्या खोलीभर तरंगत शेजाऱ्याच्या नाकापर्यंत जातात. शेजार किती जवळचा असावा, याची ही एक परिसीमाच म्हणायची.

पण खरी परिसीमा पाण्याची आहे. माणशी दिवसाला पावणेचार लिटरच्या आसपास पाणी लागते, आणि वर पाणी पाठवणे ही भयंकर खर्चाची गोष्ट. तेव्हा घरातला थेंबन् थेंब परत वापरायचा. श्वासावाटे बाहेर पडलेली वाफ, व्यायाम करताना आलेला घाम, वाळत घातलेल्या टॉवेलची ओल, हे सारे हवेतून गाळून गोळा करतात. नोव्हेंबर २००८ मध्ये मूत्राचे पाणी करणारे यंत्र तिथे गेले, आणि मे २००९ मध्ये रहिवाशांनी त्या पाण्याचा पहिला घोट समारंभाने घेतला. पुढे सुधारणा होत होत, वापरलेल्या पाण्यापैकी ९८ टक्के परत मिळवण्यापर्यंत मजल गेल्याचे २०२३ साली जाहीर झाले. आजची कॉफी तीच उद्याची कॉफी, असा विनोद तिथे नेहमी होतो. त्याच पाण्याचा काही भाग विजेने फोडून प्राणवायू करतात, म्हणजे पिणे आणि श्वास घेणे हे दोन्ही एकाच भांड्यातून. रशियन विभागाने मूत्राचे पाणी पिण्याची पद्धत स्वीकारली नाही. पण हवा दोन्ही विभागांतून फिरते, आणि हवेतला ओलावा कोणाच्या श्वासाचा हे विचारण्याची सोय नाही. रशियन माणसाचा घाम अमेरिकनाच्या पेल्यात आणि अमेरिकनाचा श्वास रशियन चहात उतरतो.

आपल्या घराण्यांतल्या सोवळ्या आज्या-पणज्यांना हे वर्णन ऐकवले असते, तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते. त्यांना हसण्यात अर्थ नाही. त्यांच्या सोवळ्याची गोम वेगळीच होती. सोवळे पाळायला जागा लागते. माझे पाणी वेगळे आणि तुझे वेगळे असे म्हणायला दोन विहिरी, निदान दोन घागरी लागतात. आणि घागरीतले पाणी काल कोणत्या गावच्या कोणत्या नाल्यातून वाफ होऊन निघाले, हे विसरण्यापुरते मोठे आकाश लागते. पृथ्वीवरचे यंत्रही तेच काम करते, फक्त ते इतके मोठे आणि संथ आहे की आपल्याला अभिमान बाळगायला सवड मिळते. ज्या देशात सार्वजनिक तळ्याच्या पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या देशातल्या माणसाने तर या यंत्रापुढे जरा जास्त वेळ उभे राहावे.

एवढा खटाटोप कशासाठी? तर संशोधनासाठी. आजवर तिथे चार हजारांवर प्रयोग झाले आहेत. सगळ्यांची जंत्री देत नाही. दिवाळीच्या अंकाला साजेसा एक तेवढा सांगतो, तो दिव्याचा. पणतीची ज्योत वर निमुळती का होते? तापलेली हवा वर जाते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा येते. ज्योतीला तो आकार या वाऱ्याने दिलेला असतो. अंतराळात हा वारा नाही. तिथे ज्योत गोल होते, एखाद्या फिकट निळ्या मण्यासारखी, आणि आजूबाजूचा प्राणवायू झिरपत येईल तेवढ्यावर मंदपणे जळते. स्थानकावर एका बंद पेटीत इंधनाचे थेंब पेटवून हा अभ्यास चालला होता, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. थेंबाभोवतीची ज्योत विझली. पण थेंब आटतच राहिला. डोळ्यांना दिसणार नाही अशा, पुष्कळच कमी उष्णतेच्या ज्योतीने तो जळत होता. थेंब असा जळू शकतो हे तोवर कोणाच्या ध्यानी आले नव्हते. त्याचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. इंजिनांत इंधन कसे पेटते हे समजायला त्याचा उपयोग आहे म्हणतात. मला मात्र ते विझल्यावरही जळत राहणे फार दिवस मनातून गेले नाही.

दुसरे संशोधन रहिवाशांच्या स्वतःच्या देहावर चालते. या घरातला माणूस शास्त्रज्ञही असतो आणि टेबलावरचा बेडूकही. वजन पेलण्याचे काम संपले की हाडे झिजू लागतात. व्यायाम केला नाही तर कमरेचे हाड दर महिन्याला एक ते दीड टक्का विरळ होते. म्हणून रोज दोन-दोन तास पट्ट्यांनी स्वतःला आवळून धावायचे. अंगातले पाणी डोक्याकडे चढते, चेहरा सुजतो, कित्येकांची दृष्टी बिघडते. स्कॉट केली २०१५-१६ मध्ये सलग ३४० दिवस वर राहिला, आणि त्याचा जुळा भाऊ मार्क खाली राहिला. दोघांचे रक्त, लघवी, गुणसूत्रे, बुद्धीचा वेग, सारे ताडून पाहण्यात आले. परत आल्यावर स्कॉटच्या बुद्धीची चपळाई काही काळ मंदावलेली आढळली. अशा चाचण्यांचा फायदा स्कॉटला काय? फारसा नाही. तो पुढे केव्हातरी मंगळाकडे निघणाऱ्या, आज कदाचित पाळण्यातही नसलेल्या माणसाला व्हायचा.

यातली एक घटना सांगितल्यावाचून राहवत नाही. डोक्याकडे चढणाऱ्या रक्ताचा अभ्यास करण्यासाठी अकरा अंतराळवीरांच्या मानेतल्या शिरेची ध्वनिलहरींनी तपासणी झाली. सहा जणांच्या शिरेत रक्त साचलेले किंवा उलट वाहताना दिसले. आणि एकाच्या शिरेत, मुक्कामाला सुमारे दोन महिने झाले असताना, चक्क गुठळी सापडली. दुखणे नाही, खुपणे नाही. तपासणी झाली नसती तर कळलेच नसते. वर रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या बाटल्या मोजक्याच. पृथ्वीवरच्या डॉक्टरांनी ते औषध पुरवून पुरवून कसे वापरायचे याचा हिशेब बसवला, पुढे सामानाच्या यानातून गोळ्या गेल्या, नव्वदहून अधिक दिवस उपचार चालले, आणि तो माणूस आपले काम पुरे करून सुखरूप उतरला. हकीकत वैद्यकाच्या नियतकालिकातून २०२० साली प्रसिद्ध झाली; रुग्णाचे नाव, इतकेच काय, तो पुरुष की स्त्री हेही त्यात सांगितलेले नाही. ज्या घरात माणसाची लघवीसुद्धा सार्वजनिक मालमत्ता आहे, तिथे एवढी एक गोष्ट त्याची त्याच्यापाशी ठेवली गेली. मला हे फार आवडले.

माझ्या एका स्नेह्यांना हे सारे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. आयुष्यभर यंत्रांशी संबंध आल्यामुळे त्यांचा माणसांवर फारसा विश्वास नाही. ते म्हणाले, "यात कौतुक कसले? बाहेर निर्वात पोकळी आहे. आत भांडाल तर सगळेच मराल. पुरात एका झाडावर साप आणि उंदीर बसतात, त्यांना काय आपण संत म्हणतो?"

आक्षेप सोपा नाही. तो जुनाही आहे. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ साली अशाच एका दुकानदाराचा दाखला दिला होता. हा दुकानदार लहान पोरालाही वाजवी दरानेच माल देतो. पण गिऱ्हाईक टिकावे म्हणून तो तसे वागत असेल, तर त्याच्या वागण्याला नीतीचे मोल नाही, असे कांटचे म्हणणे. हा काटा लावून पाहिले तर स्थानकावरचा शेजार दुकानदारीतच जमा होईल. रशियन विभागाला वीज बव्हंशी अमेरिकन पंखांवरून मिळते. घर हळूहळू खाली घसरते, त्याला पुन्हा वर ढकलण्याचे काम मुख्यतः रशियनांनी केले आहे. एकाच्या हाती दिवा आणि दुसऱ्याच्या हाती वल्हे. अमेरिकनाला रशियन भाषा शिकावी लागते, आणि घड्याळ ना ह्यूस्टनचे ना मॉस्कोचे, ग्रीनिचचे लावलेले असते. यात प्रेम कुठे आहे? व्यवहार आहे.

बराच विचार केल्यावर माझ्या स्नेह्यांच्या युक्तिवादातली एक फट मला दिसली. सक्तीनेच जर माणसे चांगली वागत असतील, तर सक्ती कायम असेपर्यंत त्यांनी कायम चांगले वागायला हवे. तसे झालेले नाही. भिंती त्याच, पोकळी तीच. वागणे मात्र कधी असे, कधी तसे.

मार्च २००९ मध्ये गेनादी पदाल्का हा अनुभवी रशियन अंतराळवीर उड्डाणापूर्वी एका वर्तमानपत्राला सांगत होता, की आता स्थानकावर ज्याने-त्याने आपापल्याच देशाचे शौचकूप वापरावे असा हुकूम आहे. अमेरिकनांच्या व्यायामाच्या यंत्रालाही आधी परवानगी मिळाली आणि मग नाकारली गेली. कारण काय, तर खाली दोन्ही सरकारांत कोणी कोणाचे किती वापरले याच्या बिलांवरून तंटा. पाणी तेच गाळून प्यायचे आणि शौचकूप मात्र वेगळे! आमच्या चाळीतल्या सामाईक नळावरचा तंटा इतका वरपर्यंत पोचेल असे वाटले नव्हते. हुकूम देणारे सगळे जमिनीवर होते, हे विसरू नये.

त्याहून गंभीर प्रसंग १५ नोव्हेंबर २०२१ चा. त्या दिवशी रशियाने क्षेपणास्त्र सोडून आपलाच एक निकामी उपग्रह फोडला. त्याचे दीड हजारावर मोठे तुकडे झाले, आणि ते स्थानकाच्या वाटेत पसरले. आत चार अमेरिकन, एक जर्मन आणि दोन रशियन होते. त्या वेळचा स्थानकाचा नायक अंतोन श्काप्लेरोव्ह हा रशियनच. सातही जणांना आपापल्या यानांत जाऊन दडावे लागले. म्हणजे एका सरकारने स्वतःच्या माणसांच्या डोक्यावरच दगड भिरकावला. सक्ती शहाणपण शिकवते म्हणणाऱ्यांनी याचा उलगडा करावा.

पुढे २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनचे युद्ध पेटले. रशियन अंतराळ संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, आमच्या इंजिनांवाचून स्थानक खाली कोसळले तर त्याला वाचवणार कोण, असा जाहीर सवाल टाकला. वर अमेरिकन मार्क वँडे हाय याला वर्ष होत आले होते, आणि त्याची परतीची जागा रशियन यानात होती. ३० मार्चला तो श्काप्लेरोव्ह आणि प्योत्र दुब्रोव्ह यांच्याबरोबर ३५५ दिवसांनी कझाकस्तानात उतरला. आदल्याच दिवशी, स्थानकाची सूत्रे अमेरिकन सहकाऱ्याकडे सोपवताना, श्काप्लेरोव्हने सर्वांना आपले अंतराळातले भाऊ-बहीण म्हटले होते. पण याच वर्षीच्या जुलैत तीन रशियन अंतराळवीर त्याच घरात, युक्रेनच्या जिंकलेल्या मुलखाचे झेंडे हातांत धरून छायाचित्राला उभे राहिले, आणि नासाने त्याचा जाहीर निषेध केला. तेही वरचेच रहिवासी, तेही तेच पाणी पिणारे. तेव्हा सामाईक पाण्याने मने सामाईक होतात, असा भाबडा निष्कर्ष मी काढणार नाही. एवढेच म्हणतो, की त्या भिंती माणसाला एकत्र राहायला लावतात. कसे राहायचे ते सांगत नाहीत. तेवढी जागा उरते. आणि जिथे जागा उरते तिथे वागणाऱ्याच्या पदरी पुण्यही पडते आणि पापही.

आता ज्या प्रसंगाने मला हा लेख लिहायला बसवले तिकडे वळतो. त्याला थोडी पार्श्वभूमी हवी. सप्टेंबर १९७४ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक गाजलेला लेख लिहिला. पृथ्वी हे एक अवकाशयान आहे आणि आपण सारे त्यातले सहप्रवासी, ही कल्पना तेव्हा लोकप्रिय झाली होती. हार्डिन म्हणाला, हे भावुक बोलणे सोडा. श्रीमंत देश म्हणजे समुद्रातल्या बचावाच्या होड्या आहेत. आमच्या होडीत पन्नास माणसे आहेत, फार तर आणखी दहा मावतील. पाण्यात शंभर जण पोहताहेत. सगळ्यांना घेतले तर सगळे बुडतील. दहांना घेतले तर संकटासाठी राखलेली जागा जाईल. म्हणून कोणालाच घेऊ नका. पाण्यात पोहणारे कोण, हे त्याने झाकून ठेवले नव्हते. उदाहरणाला भारत होता, आपली वाढती लोकसंख्या होती, आणि आपल्याला मिळणारी धान्याची मदत होती. ज्यांनी त्या काळी रेशनच्या रांगेत उभे राहून अमेरिकेतून आलेला लाल गहू आणला आहे, त्यांना ही होडी पुस्तकातली वाटणार नाही. ते पाण्यात होते.

हार्डिनच्या होडीचा हिशेब खोडून काढणे कठीण जाते, कारण ती होडी त्याचीच आहे. तिच्यात किती मावतील ते त्यानेच ठरवले. खरी होडी, खरी गळती आणि खरी मोजकी आसने असलेला प्रसंग क्वचित पाहायला मिळतो. तो डिसेंबर २०२२ मध्ये या घरात घडला.

तेव्हा तिथे सात माणसे होती, आणि त्यांच्या दोन होड्या बाहेर बांधलेल्या होत्या. अमेरिकन ड्रॅगन यानात चार आसने: निकोल मान, जॉश कसाडा, जपानचा कोइची वाकाता आणि रशियाची अॅना किकिना. रशियन सोयूझ यानात तीन: सेर्गेई प्रोकोप्येव, दमित्री पेतेलिन आणि अमेरिकन फ्रँक रुबिओ. एकमेकांच्या यानात एकेक माणूस बसवण्याचा करार युद्ध चालू असतानाच झाला होता, हेही ध्यानात ठेवण्यासारखे. डिसेंबरच्या मध्यावर सोयूझमधून पांढरा फवारा उडताना दिसला. एक मिलिमीटरहूनही लहान छिद्र पडून यान थंड ठेवणारा द्रव तासन् तास बाहेर गळत होता. बारीक अंतराळ-दगड लागला असावा, असे रशियनांनी सांगितले.

अडचण अशी, की स्वस्थ बसलेला माणूसही शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता देत असतो. थंडावा गेलेल्या त्या चिमुकल्या यानात तिघे बसून उतरले, तर आत असह्य उकाडा होण्याची भीती. तिथे माणसाचे नुसते असणेच शेजाऱ्याला जाचक व्हावे, असा प्रसंग. नवे रिकामे यान यायला दोन महिने लागणार. तोवर आणीबाणी आली तर? हार्डिनचा प्रश्न अक्षरशः दारात उभा होता: होडीत जागा चार, आणि शेजारच्या होडीत एक माणूस जास्त.

उत्तर असे निघाले. सोयूझमधले आसन प्रत्येकाच्या पाठीच्या साच्यावर बेतलेले असते. जानेवारी २०२३ मध्ये रुबिओच्या आसनाचे ते अस्तर उचलून ड्रॅगनमध्ये नेले, आणि सामान ठेवण्याच्या जागी पट्ट्यांनी बांधून पाचवे आसन तयार केले. रुबिओ तिकडे गेला म्हणजे सोयूझमधल्या दोघांचाही उकाडा कमी. चौघांची होडी पाचांची झाली, आणि त्यामुळे तिघांची होडी दोघांना पुरती झाली. यात कोणी त्यागाचे भाषण केले नाही. चौघांना त्यात काही गैरसोय पत्करावी लागणार होती, ती त्यांनी पत्करली. बाकी हिशेब दोन्ही देशांच्या इंजिनियरांनी केला. होडीत किती मावतात हा आकडा बाहेरून मिळत नाही, आतल्यांनी कोणते सामान काढायचे ठरवले त्यावर तो अवलंबून असतो. हार्डिनच्या लेखात सामानाचा उल्लेखच नाही असे मी म्हणत नाही. पण त्याच्या होडीतले पन्नास जण आपल्या बोचक्यांकडे एकदाही वळून पाहत नाहीत, हे मात्र खरे.

माझ्या स्नेह्यांना मी ही गोष्ट ऐकवली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पाचवा त्यांच्यातलाच होता की! परका असता तर?" हे उत्तर मला खोडता आलेले नाही. ते सात जण हजारोंतून निवडलेले, वर्षानुवर्षे एकत्र शिकलेले. शंभर अब्ज डॉलरांहून अधिक खर्चून उभारलेल्या घरात असे सात जण नीट वागले, यावरून रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या जुन्या डब्यात शिरू पाहणाऱ्या चौऱ्याहत्तराव्या माणसाचा प्रश्न सुटत नाही. चीनचा या घरात कधीच प्रवेश नव्हता. त्याने आपले वेगळे घर २०२१ पासून वर बांधले. एका आकाशात दोन चुली झाल्या. शिवाय हे घरही कायमचे नाही. २०३० च्या सुमारास त्याचे आयुष्य संपवून ते समुद्रात पाडायची योजना आहे, आणि पुढली घरे खाजगी कंपन्या भाड्याने देण्यासाठी बांधू पाहताहेत. भाडेकरूंच्या होडीत पाचवे आसन कितीला पडेल, कोण जाणे.

तरी मी त्या आसनाला धर्म म्हणेन. कांट काही म्हणो. आपल्याकडे धर्म या शब्दात धरून ठेवणे आहे, आणि धरून ठेवायला आधी जवळ असावे लागते. निखळ, कोणत्याही गरजेचा स्पर्श नसलेला चांगुलपणा असेल तर असो. मी तो पाहिलेला नाही. जो पाहिला तो सगळा नळाच्या रांगेत, सामाईक भिंतीशेजारी, नाइलाजाने एकत्र आलेल्या माणसांत पाहिला. दिवाळीचे ताटही ज्याच्याशी भांडण होऊ शकते त्याच्याचकडे जाते. शुभांशू शुक्लांनी वर जाताना गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला होता, आणि तो सोबत्यांना वाटून खाल्ला. त्यातले एक बाई अमेरिकन, एक पोलिश, एक हंगेरियन. त्या अठरा दिवसांत त्यांनी तिथे मूग आणि मेथीचे दाणेही भिजवून रुजवून पाहिले. वजन नसताना मोड कोणत्या दिशेला धावतात, हे पाहण्यासारखेच असणार.

फ्रँक रुबिओला पाचवे आसन वापरावे लागले नाही. फेब्रुवारीच्या शेवटी रिकामे सोयूझ येऊन पोचले आणि त्याचे अस्तर तिकडे गेले. पण वेळापत्रक कोलमडल्यामुळे त्याचा सहा महिन्यांचा मुक्काम ३७१ दिवसांचा झाला. उतरण्यापूर्वी त्याने मोकळेपणाने सांगितले, की वर्षभर राहावे लागेल हे आधी विचारले असते, तर घरच्या अडचणींमुळे आपण बहुधा नकारच दिला असता. मार्च २०२३ मध्ये त्याने तिथे वाढवलेल्या रोपांवरचे छोटे टोमॅटो तोडले. प्रत्येकाला त्याचा वाटा पिशवीत घालून मिळाला. रुबिओचा टोमॅटो पिशवीतून निसटला आणि तरंगत कुठेतरी गेला. त्याने तो अनेक तास शोधला. सापडला नाही. मग सारे थट्टेने म्हणू लागले की यानेच तो गुपचूप खाल्ला असणार, आणि हा आळ माथ्यावर घेऊनच सप्टेंबरात तो पृथ्वीवर परतला. डिसेंबरात वरच्या मंडळींनी जाहीर केले, की टोमॅटो मिळाला. वाळलेला होता, थोडा चेपला होता. कोणी खाल्ला नव्हता.